केस संपायची वाट पाहू नका, भाऊ

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात तुमची मोठी बहीण, तुमची आक्का, वय ३६. नवरा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. गावातल्या महिला बचत गटाची ती सचिव होती. गटाच्या २ लाख १४ हजार रुपयांच्या अपहाराची फिर्याद तिच्यावर झाली, १७ दिवस ती जळगावच्या तुरुंगात राहिली, जामिनावर सुटून आता चार महिने झाले. मुलगी सातवीत आहे. ती सासरी आजी-आजोबांकडे आहे आणि ते तिला पाठवत नाहीत. मुलगा दुसरीत, तो आक्काजवळ, माहेरी तुमच्या आईच्या घरी. तुम्ही सुरतेला कापड मार्केटमध्ये कामाला, महिन्यातून एकदा गाडीने येता. आक्का उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, धड जेवत नाही, आणि काही विचारलं की एकच म्हणते, "केस संपू दे, मग बघू." तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गटाचे पैसे आपण भरून टाकावेत का? तिला सुरतेला घेऊन जावं का? आणि तिला पुन्हा उभं कसं करावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

जळगाव आणि धुळे भागात जामिनावर सुटलेल्या, शिक्षा भोगून आलेल्या बायांबरोबर मी २४ वर्षं काम करते आहे. "केस संपू दे, मग बघू" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं आहे. बाई म्हणते, तिचा बाप म्हणतो, कधीकधी वकीलही म्हणतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्याने जेवढी घरं मोडलेली मी पाहिली तेवढी शिक्षेने मोडलेली पाहिली नाहीत. अशी केस चार-पाच वर्षं सहज चालते. आज सातवीत असलेली पोर तोवर बारावीला पोचेल. तेवढी वर्षं आईने भिंतीकडे तोंड करून काढली, तर निर्दोष सुटूनही ती कुणाकडे परत येणार? जे उभं करायचं ते तारखा चालू असतानाच उभं करायचं. आणि यात कायद्याच्या बाजूनेही फायदा आहे, तो पुढे सांगते.

पहिलं काम कागदांचं. एक साधी फाईल आणा आणि तिच्यावर नाव आक्कालाच लिहू द्या. ती सचिव होती, गटाच्या नोंदवह्या लिहायची, तिला कागद कळतात. आत्ता तिची सगळी कागदपत्रं तुमच्याकडे किंवा वकिलांच्या कपाटात असतील आणि ती स्वतः त्यातलं एकही पान न वाचता बसली असेल. एफआयआर, जामिनाच्या आदेशाची नक्कल, जामीनपत्र, दोषारोपपत्र आलं असेल तर ते, आणि पुढची तारीख. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. केसला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख तिला गावात आणि तुम्हाला सुरतेत एकाच वेळी दिसते.

जामिनाचा आदेश शब्दन् शब्द वाचा. बहुतेक आदेशांत 'साक्षीदारांवर दबाव आणू नये' अशी अट असते. तुमच्या बाबतीत ती फार नाजूक आहे, कारण साक्षीदार म्हणजे गटातल्याच बाया. शेजारच्या ओट्यावर बसणाऱ्या, नळावर भेटणाऱ्या. आक्काने भाबडेपणाने एखादीच्या घरी जाऊन "मला माफ कर माय" म्हटलं, तरी उद्या तोच दबाव ठरवून जामीन रद्द करा असा अर्ज येऊ शकतो. म्हणून नळावर भेटली तर राम राम करावा, केसबद्दल चकार शब्द काढू नये. तडजोडीचं बोलणं वकिलांमार्फतच.

तारीख चुकवायची नाही, हे लिहायची गरज वाटू नये, पण वाटते. सातपुड्याच्या पायथ्याला हातभट्टीच्या गुन्ह्यातली एक पावरा आदिवासी बाई माझ्याकडे होती. दारूबंदीच्या कायद्यातली साधी केस. पण तारीख नेमकी मजुरीच्या दिवशी यायची, दीडशे रुपये भाडं जायचं, दिवसभर बसून पुढची तारीख मिळायची. तिने दोन तारखा सोडल्या. अजामीनपात्र वॉरंट निघालं, आणि मूळ गुन्ह्यात जेवढे दिवस आत गेले नव्हते त्याहून जास्त त्या वॉरंटावर गेले. धाकटं पोर तेव्हा दीड वर्षाचं होतं, ते आईबरोबर आत गेलं. (सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याचे नियम घालून दिले आहेत.) तेव्हापासून मी प्रत्येक घरी पहिल्याच भेटीत तारखेच्या दिवसाची व्यवस्था ठरवते: सोबत कोण जाईल, पोराला शाळेतून कोण आणेल, भाडं कुठून येईल. ती आजारी असेल तर वकिलांकडून हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा असतो, दुसऱ्या दिवशी नाही.

वकिलांच्या फीसाठी तुम्ही ४० हजारांचं कर्ज काढलं असं लिहिलंत. झालं ते झालं, पण इतरांसाठी सांगते आणि तुमच्याही पुढच्या टप्प्यासाठी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण आणि लोक अभिरक्षकांचं, म्हणजे आरोपीच्या बाजूने लढणाऱ्या मोफत वकिलांचं कार्यालय. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवतात. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील असं आपल्याकडे धरून चालतात. मी दोन्हीकडे कच्चे पाहिले आणि दोन्हीकडे जीव लावून लढणारेही पाहिले.

आता पैसे. इथे मला जरा सविस्तर बोलावं लागेल.

आक्काने तुमच्याजवळ काय कबूल केलं ते तुम्ही पत्रात लिहिलंत. ते मी इथे उतरवलेलं नाही. भाऊ, ते आता कुणालाही लिहू नका, बोलू नका. तिने सगळं खरं सांगायची जागा वकिलांकडे आहे. अशिलाने वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुप्त राहतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पण गावात पाच माणसांसमोर बोललेलं, स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं कोर्टात येऊ शकतं. गावातली भली माणसं म्हणतात, "लिहून दे, विषय संपवू." विषय संपत नाही, त्यातून पुरावा तयार होतो.

पैसे भरावेत का, याचं माझं उत्तर 'हो, पण हिशेबानंतर आणि योग्य दाराने' असं आहे. फिर्यादीत लिहिलेली रक्कम म्हणजे गहाळ रक्कम असं धरू नका. बचत गटाच्या केसमध्ये माझ्या पाहण्यात पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट सांगते. सभासदांनी गटातून घेतलेलं आणि परत न केलेलं अंतर्गत कर्ज, बँकेच्या कर्जाची थकबाकी आणि खरोखर न सापडणारी बचत, हे तिन्ही एकत्र करून एकच आकडा सचिवाच्या नावावर मांडला जातो. एका केसमध्ये वह्या जुळवल्यावर जवळपास निम्मी रक्कम सभासदांकडेच निघाली होती. गटाचं बँक पासबुक, बैठकीची इतिवृत्त वही, कर्जवही आणि प्रत्येक बाईचं वैयक्तिक पासबुक ही चार एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. बँकेतून पैसे काढायला सहसा दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. स्लिपवर दुसरी सही कुणाची आहे तेही बघा. वह्या पोलिसांनी जप्त केल्या असतील तर दोषारोपपत्राबरोबर त्यांच्या प्रती मिळतात. हा हिशेब आक्कानेच बसून करावा. घरात निजून राहिलेल्या बाईला चार महिन्यांत पहिल्यांदा तिला येणारं काम मिळेल, आणि ते तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणालाही करता येणार नाही.

मग कलमं बघा. ज्या व्यवहारांबद्दल तक्रार आहे ते १ जुलै २०२४ च्या आधीचे असतील तर जुन्या भारतीय दंड विधानाची कलमं लागतात: विश्वासघाताचं ४०६, फसवणुकीचं ४२०. नंतरचे असतील तर भारतीय न्याय संहितेची ३१६ आणि ३१८. या साध्या विश्वासघातात आणि फसवणुकीत न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. पण ४०९ किंवा नवं ३१६(५) लावलं असेल तर गोष्ट जड आहे. तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे आणि तडजोडीची सोय नाही. तेव्हा दोन्ही बाजू राजी असल्या तरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, आणि तिथे मान्य होईलच असं नाही. वकिलांना आधी एवढंच विचारा: कलम कोणतं?

तडजोड होण्यासारखी असेल तर रक्कम गटाच्या बँक खात्यात किंवा न्यायालयात भरा, वकिलांच्या सल्ल्याने, आपले हक्क राखून, पावती घेऊन. कुणाच्या हातात रोख देऊ नका, अगदी फिर्यादी बाईच्याही नाही. हप्त्याने भरायचं ठरलं तर त्यातला थोडा का होईना, आक्काच्या कमाईतला असू द्या. तुम्ही सुरतेहून एकरकमी आणून टाकलेले पैसे आणि तिने कापूस वेचून दिलेले पाचशे, यांत गटातल्या बायांच्या लेखी फरक असतो. आणि त्या बायांना विसरू नका. महिन्याला शंभर-दोनशे करत साठवलेले ते पैसे होते, कुणाच्या बाळंतपणाचे, कुणाच्या पोराच्या फीचे. त्यांचा राग खोटा नाही. आक्काने तो राग खरा मानला तरच ती त्याच गावात मान वर करून चालू शकेल.

नवऱ्याच्या आजारपणात काढलेल्या फायनान्स कंपनीच्या साप्ताहिक हप्त्यांचा तुम्ही उल्लेख केलात. ते लोन कार्ड शोधा. अशा कर्जात बऱ्याचदा नवरा-बायको दोघांचा विमा उतरवलेला असतो आणि नवरा गेल्यावर कर्ज माफ व्हायला हवं होतं, पण घरात मरण घडलेलं असताना दावा कोण करतो? बाई हप्ते भरतच राहते. नवऱ्याचं बँक पासबुकही तपासा. वर्षातून एकदा ३३० किंवा ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता. त्यात मृत्यूनंतर वारसाला २ लाख मिळतात. उशीर झाला आहे, तरी बँकेत लेखी विचारा. वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात आला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसत नाही, असं शांतपणे सांगा. आणि जुनं फेडायला नवी कंपनी, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. या केसची मुळं बहुधा तिथेच आहेत.

आता पोरगी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दोनच ओळी आहेत, पण आक्का जेवत नाही ती केसमुळे की पोरीमुळे, हे तिला एकदा विचारून बघा.

हिंदू कुटुंबात वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक, १९५६ च्या कायद्याने. नुसत्या फिर्यादीने ते पालकत्व जात नाही. आजी-आजोबांना तिला अडवून ठेवायचा हक्क नाही. हे माहीत असू द्या, पण याच्यावरून लगेच कोर्टात जाऊ नका. त्या म्हाताऱ्यांनी मुलगा गमावला आहे, सून तुरुंगात गेलेली पाहिली आहे, आणि मुलाची एकच खूण त्यांच्या अंगणात खेळते आहे. ते दुष्टपणाने अडवत असतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. भीतीने अडवत असावेत. सुरुवात फोनपासून करा. रोज एकाच वेळी, शाळेतून आल्यावर, दहा मिनिटं. पहिले काही दिवस पोर 'हं' 'नाही' एवढंच बोलेल. आक्काने रडू नये, "कधी येशील" विचारू नये. आज डब्यात काय होतं, गणितात काय चाललंय, एवढंच. रोजचा फोन चुकला नाही की पोरीच्या मनात आई पुन्हा जागेवर बसते.

आणि दोन्ही मुलांना खरं सांगा. धाकट्याला तुम्ही "आई दवाखान्यात होती" असं सांगितलंत. तो सात वर्षांचा आहे, त्याला शाळेत कुणीतरी सांगणारच, आणि त्या दिवशी त्याला दोन गोष्टी कळतील: आई तुरुंगात होती, आणि मामा खोटं बोलला. एका मुलीला हे वर्गात, सगळ्यांसमोर कळलं होतं; तिने पुढे दोन वर्षं आईशी बोलणं टाकलं. मी आयांना सांगते ते वाक्य असं आहे: "गटाच्या पैशांचा घोळ झाला. माझ्यावर नाव आलंय. न्यायाधीश तपासून ठरवतील. तोवर मी घरीच आहे, तुझ्याजवळ आहे. कुणी काही बोललं तर मला येऊन सांग." सातवीतली पोर यापुढे विचारेल, "तू घेतले का?" त्याचं उत्तर आक्काने काय द्यावं ते मी ठरवणार नाही. खोटं देऊ नये, आणि "वकिलांनी बोलू नको सांगितलंय, पण केस झाली की तुलाच आधी सांगेन" हेही खरंच उत्तर आहे.

वर्षाच्या मध्येच शाळा बदलू नका. दाखला काढून तिला माहेरी आणायची घाई केली तर तिचं आधीच हललेलं जग पुन्हा हलेल. आधी रविवार, मग सुट्टी. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. तुमच्या दाजींच्या नावाची घागर सासरी भरली जात असेल. आक्काने त्या दिवशी धाकट्याला घेऊन सासरी जावं. कुणाला समजवायला, भांडायला नाही. नवऱ्याच्या घागरीला हात लावायला. त्या घराचं दार तिला त्या दिवशी कुणी बंद करणार नाही असं मला वाटतं, आणि दोन्ही लेकरं बापाच्या घागरीजवळ एकत्र बसलेली म्हाताऱ्यांनाही दिसतील. नंतर कधी दाजींच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं आणि मुलांचं नाव लागलंय का ते तलाठ्याकडे बघून घ्या, पण त्याच दिवशी नाही.

दोन्ही मुलांसाठी बाल संगोपन योजनेचा अर्ज जळगावच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. एकल पालकाच्या मुलांना त्यात दरमहा २,२५० रुपये प्रत्येकी मिळतात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून आजच. विधवा म्हणून तिला संजय गांधी निराधार योजना लागू होऊ शकते, तिथे उत्पन्नाची अट कडक आहे. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही मिळणार नाहीत. यांपैकी कशातही 'गुन्हा दाखल आहे' म्हणून अर्ज नाकारला जात नाही. ग्रामपंचायतीत कुणी तसं म्हटलं तर लेखी मागा.

एक गोष्ट आजच्या आज. तुमच्या आईला फोन करा आणि घरात कपाशीच्या फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा. कोठीच्या कोपऱ्यात, माळ्यावर, जिथे असेल तिथून ते घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात जाऊ द्या. मी घाबरवत नाही. जेवण सुटलेलं, झोप गेलेली, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं म्हणणारी बाई मला काळजीची वाटते, आणि आपल्याकडे ते औषध प्रत्येक घरात हाताशी असतं. तिला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही; बहुतेक बाया विचारणारं कुणी भेटलं म्हणून रडतात आणि बोलतात. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. झोप पंधरा दिवसांत सुधारली नाही तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. त्या १७ दिवसांत काय झालं हे खोदून विचारू नका. एक बाई मला सुटकेनंतर आठ महिन्यांनी, भाकरी थापता थापता म्हणाली, "माय, मी चोर शे का?" तोपर्यंत ती त्या दिवसांबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या शेजारी पीठ मळत होते, म्हणून बोलली असेल.

सुरतेला नेऊ नका. निदान आत्ता नको. आदेशात हद्द न सोडण्याची अट असेल तर न्यायालयाची परवानगी लागेल, तारखेला प्रत्येक वेळी अमळनेर गाठावं लागेल, आणि पोरगी आणखी लांब जाईल. शिवाय तुमच्या दोन खोल्यांत ती तुमच्या बायकोच्या स्वयंपाकघरात पाहुणी होऊन बसेल. मी हीच चूक एकदा केली आहे. धुळ्याकडच्या एका बाईला मी गावापासून लांब जळगावात एका ओळखीने कामाला लावलं. मला वाटलं, नवी जागा, नवी सुरुवात. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. नवव्या दिवशी ती परत गेली, आणि "बाहेरही टिकली नाही" असा आणखी एक शिक्का घेऊन गेली. ते तिच्या डोक्यावर मी ठेवलं.

कामाचं तिच्याशीच बोला. मी फक्त दोन मर्यादा सांगते. निकाल लागेपर्यंत दुसऱ्यांचे पैसे सांभाळावे लागतील असं काम नको, दुकानाचा गल्लासुद्धा नको. उद्या कुठे पन्नास रुपये कमी पडले तरी बोट तिच्याकडे जाईल. आणि सुरुवात अशा कामाने, ज्यात तारखेच्या दिवशी सुट्टी मागावी लागत नाही. कापूस वेचणी किलोवर असते, गेलं तर गेलं, नाही तर नाही. शिवणकाम येत असेल तर उत्तम. उन्हाळ्यात बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया घालून देणाऱ्या बाईला गावात मागणी असते. खापरावरचे मांडे जिला येतात तिला तर लग्नसराईत दूरच्या गावांहून बोलावणं येतं. अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार अशा ठिकाणी पुढे कधी अर्ज केला आणि फॉर्ममध्ये गुन्ह्याबद्दल विचारलं, तर लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटल्याप्रमाणे माहिती खरी द्यायची. ती दिल्यावर गुन्ह्याचं स्वरूप बघून मालकाला निर्णय घेता येतो, पण लपवलेलं उघड झालं तर तेच कारण पुरतं.

मघाशी कायद्याच्या फायद्याबद्दल म्हटलं ते आता सांगते. समजा, दोष सिद्ध झालाच आणि कलम ४०६-४२० किंवा ३१६(२)-३१८ च आहे. तरी परिविक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ च्या कलम ४ खाली न्यायालय तिला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रताही तिला चिकटत नाही. त्यासाठी न्यायालय परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवतं. तो अधिकारी घरी येतो, मुलांची शाळा विचारतो, काम विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो, पैसे परत करायचा प्रयत्न झाला का ते बघतो. असे अहवाल मी जवळून पाहिले आहेत. ज्या बाईने पाच वर्षं घरात बसून काढली तिच्याबद्दल लिहायला अधिकाऱ्याकडे काहीच नसतं. जिने दर महिन्याला पाचशे भरले, पोरीला दहावी केलं, एकही तारीख चुकवली नाही, तिचा अहवाल दोन पानांत मावत नाही. तो अहवाल आक्का आजपासून लिहायला घेते आहे, असं तिला सांगा. सचिव होती, तिला ते कळेल.

गावाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आक्काच्या मनात ते असणार. गावाची बैठक बोलावून मन जुळवू नका. मी अशा बैठका पाहिल्या आहेत. शेवटी बाई उभी राहते आणि सगळे बसून बघतात. गाव एकदम परत येत नाही. आधी एखादी चुलती येते, मग कुणाच्या हळदीला पोळ्या लाटायला हात कमी पडतात आणि निरोप येतो. पहिला निरोप आला की आक्काने जावं, मागे बसून काम करावं, जेवण झालं की निघावं. दुसऱ्या निरोपाला कमी वेळ लागतो. तुमच्या आईने मात्र सतत "लोक काय म्हणतील" म्हणणं थांबवायला हवं. हे तुम्ही सांगू शकता, मी नाही.

पुढच्या खेपेला सुरतेहून याल तेव्हा एक पूर्ण दिवस आक्कासाठी ठेवा. सकाळी फाईल लावा, दुपारी नवऱ्याचं पासबुक आणि लोन कार्ड शोधा, संध्याकाळी पोरीला फोन लावून द्या आणि तुम्ही ओट्यावर जाऊन बसा. दोषारोपपत्रातली कलमं आणि जामिनाच्या अटी मला लिहून पाठवा. पैसे कुठल्या दाराने भरायचे ते त्यावर ठरेल, आणि त्याबद्दल मी आक्काशीच बोलेन, तिने फोन केला तर.